इस्राएलचे शास्ते: चक्र की घसरण?

हिब्रू बायबलमधल्या ‘शास्ते’ या ग्रंथाचा साचा दुसऱ्याच अध्यायात मांडलेला आहे. लोक परमेश्वराला विसरतात, शत्रूच्या हाती सापडतात, आक्रोश करतात आणि एखादा शास्ता, म्हणजे नेता, त्यांना सोडवतो. हे एकसुरी चक्र वाटते, पण आकडे वेगळेच सांगतात. अथनिएलनंतर देशाला ४० वर्षे शांतता लाभते, एहूदनंतर ८०, दबोरा आणि गिदोन यांच्यानंतर प्रत्येकी ४०. पुढे शांततेचा हा उल्लेखच थांबतो. इफ्ताह अम्मोनी लोकांना हरवतो, पण नवसापायी मुलगी गमावतो आणि एफ्राइमच्या बांधवांशीही लढतो. शेवटी इस्राएलचे इतर वंश आपल्यातल्याच बन्यामीन वंशावर तुटून पडतात. म्हणजे प्रत्येक फेरीत समाज आणखी खाली जातो.

कोणी म्हणेल, जुन्या वीरकथा संपादकांनी नंतर एका चौकटीत बसवल्या. जर्मन अभ्यासक मार्टिन नोट यांनी १९४३ मध्ये अशा संपादनाचा सिद्धान्त मांडलाच होता. तो मान्य केला, तरी चौकट जिथे मोडते तिथेच अर्थ उमटतो. दुसरा आक्षेप असा, की हा केवळ पाप आणि शिक्षेचा हिशेब आहे. मग शमशोनच्या कथेचे काय? तिथे पलिष्ट्यांच्या ४० वर्षांच्या जाचातही लोकांनी हाक मारल्याचा उल्लेख नाही, तरीही सोडवणारा जन्माला येतो. या ग्रंथात माणसाची निष्ठा आटत जाते, करुणा मात्र आटत नाही. म्हणूनच तो आजही गांभीर्याने वाचायला हवा.