रविवार, सकाळी नऊ

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'आपल्या वेळचा टीव्ही, जाहिराती, सिनेमे आणि व्हिडिओ गेम', आणि वेळ दिला आहे दहा मिनिटं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजली की मी वाक्य अर्धवट टाकून खाली उतरायचे. आज ते होणार नाही. सांगायचं ते पूर्ण सांगूनच उतरणार आहे.

आपल्या वर्गात एक 'रेडिओ' होता, आठवतो ना? ऑफ तास मिळाला की मराठीच्या बाई म्हणायच्या, "रेडिओ, लाव रे." मग तो बाकावर उभा राहून आठवड्याच्या सगळ्या जाहिराती म्हणून दाखवायचा. निरमाचं गाणं, विक्कोचं गाणं, बजाज स्कूटरचं १९८९ साली आलेलं गाणं. मध्येच 'महाभारत'मधला हरीश भिमाणींचा काळाचा आवाज. त्याचं खरं नाव मी घेणार नाही. आज या सभागृहात साऊंड सिस्टीम त्याचीच आहे, मागे मिक्सरवर तोच बसलाय, आणि नाव घेतलंस तर माईक बंद करीन अशी त्याने सकाळीच तंबी दिली आहे. बाकी सगळं सांगायला मात्र परवानगी दिली आहे.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर जुन्या जाहिरातींचा पाऊस पडत होता. लिरिल आली, ललिताजी आल्या, लिज्जतचा ससा आला. प्रत्येक जण लिहीत होता, "काय दिवस होते! आपण सगळे रविवारी टीव्हीसमोर कसे बसायचो!" रात्री साडेअकराला मला रेडिओचा फोन आला.

"अगं, लिरिलची जाहिरात आज पहिल्यांदा बघितली."

"पहिल्यांदा? तू तर वर्गात ती रोज गायचास."

"गायचो. बघितली कुठे होती?"

मग तो हसत हसत सांगत राहिला आणि माझी मात्र झोप उडाली. कारण त्याने ती बघितली नव्हती, याचं कारण आमचं घर होतं.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला, १९८५ साली. लाकडी शटरचा, कृष्णधवल. कौलांवर अँटेना. दादा वर चढून ती फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत' सुरू झालं, आपण तेव्हा पाचवीत होतो. रविवारी नऊच्या आधी आमचं माजघर भरून जायचं. मोठी माणसं फुकट यायची, मुलांना मात्र आजीने चार आणे लावले होते. "वीज काय आभाळातनं पडते?" असं तिचं म्हणणं. आणि दारात बोर्नव्हिटाचा डबा घेऊन ते चार आणे जमा करायला कोण बसायचं? मी बसायचे. मला त्या कामाचा मोठा अभिमान होता.

रेडिओ दोन रविवार चार आणे घेऊन आला. तिसऱ्या रविवारी तसाच आला. मी डबा पुढे केला, तो म्हणाला, "पुढच्या वेळी देतो." मी म्हणाले, "मग पुढच्या वेळी ये." शब्द असेच्या असे आठवतात, कारण मी ते आजीच्या आवाजात म्हटले होते. त्यानंतर तो दारात आला नाही. मला वाटलं, दुसरीकडे जात असेल.

तो कुठेच जात नव्हता. आमच्या बोळातल्या खिडकीखाली बसत होता. टीव्हीवर उजेड पडतो म्हणून आजी ती खिडकी बंद ठेवायची. परवा फोनवर तो म्हणाला, "तुमची खिडकी चांगली होती हं. खाली फट होती. आवाज स्वच्छ यायचा."

म्हणजे ज्याला आपण टीव्हीतला सगळ्यात जाणकार समजत होतो, त्याने टीव्ही पाहिलाच नव्हता. तो ऐकत होता. आपण चित्र बघत होतो म्हणून आपल्याला शब्द अर्धवट आठवायचे. त्याच्याकडे शब्दांशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याला एक अक्षरही चुकायचं नाही.

आणि चित्र? ते त्याने मनात तयार केलं होतं. लिरिलच्या जाहिरातीत शब्द नव्हतेच, नुसती लकेर. त्याला वाटायचं, ही तान्ह्या बाळाच्या साबणाची जाहिरात आहे आणि आई अंगाई गुणगुणते आहे. कॅरन लुनेल नावाची मुलगी धबधब्याखाली नाचते आहे, १९७५ पासून नाचते आहे, हे त्याला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. म्हणाला, "बरं झालं तेव्हा नाही बघितलं, अभ्यास झाला नसता."

लिज्जत पापडाच्या जाहिरातीतलं ते हसू त्याला एखाद्या बोळक्या आजोबांचं वाटायचं. तो ससा निघाला! ती बाहुली रामदास पाध्यांची. आपण नववी-दहावीत असताना, १९९३ साली, महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला, त्यातला तात्या विंचूही पाध्यांचाच. म्हणजे ज्या हातांनी आपल्याला पापड खाताना हसवलं, त्याच हातांनी अंधारात एकटं परसात जायची चोरी केली. आणि हा लिज्जत उद्योग १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला, हे आमच्या आजीला फार आवडायचं. ती म्हणायची, "बघा, बायकांना हिशेब येतो." डब्यातले चार आणे मोजत म्हणायची.

सर्फच्या ललिताजी त्याला दिसायला अगदी आपल्या मराठीच्या बाईंसारख्या वाटायच्या. बाई, तुम्ही हसताय, पण भाजीवाल्याशी घासाघीस करणारा तो ठाम आवाज आणि तुमचा 'वही उघड' यांत फारसं अंतर नव्हतं. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी मुलीच्या नावावरून काढलेल्या स्वस्त निरमाने सर्फचं गिऱ्हाईक पळवलं, म्हणून सर्फने ललिताजींना बाजारात पाठवलं. स्वस्त आणि चांगलं यांत फरक असतो, हे सांगायला. आमच्या घरात ललिताजींचं म्हणणं सगळ्यांना पटायचं आणि मोरीत पुडा निरमाचाच असायचा. ते काम करणाऱ्या कविता चौधरी यांनीच १९८९ मध्ये 'उडान' ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकारी झाल्या. माझ्या मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींनी त्या वर्षी आरशासमोर सॅल्यूट मारला होता, खरं सांगा.

आणि विक्को टर्मरिक! ते कॉस्मेटिक नाही, असं त्या गाण्यात ठणकावून का सांगितलं होतं, हे मला पुढे कर विभागात नोकरी लागल्यावर कळलं. पेंढारकरांच्या या कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला होता. आयुर्वेदिक औषध ठरलं तर कर कमी, सौंदर्यप्रसाधन ठरलं तर जास्त. आपण ज्या चालीवर भांडी घासली, तिच्यात कोर्टातलं म्हणणं होतं.

आता सिनेमा. गणपतीत चौकात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. सहावीत असताना चित्रकलेच्या तासाला वाद झाला होता, अमिताभ कोणत्या हाताने मारतो. सगळा वर्ग म्हणाला, डाव्या. अमिताभ डावखुराच आहे. रेडिओ एकटा म्हणत राहिला, "उजव्या. मी बघितलंय." आपण त्याला किती हसलो! सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. "बघितलंय म्हणे!"

त्याने खरंच बघितलं होतं. तो संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात कपबशा विसळायला असायचा. सुटून येईपर्यंत पडद्यापुढची जागा भरलेली असायची, म्हणून तो पडद्याच्या मागे बसून बघायचा. मागून सगळं उलटं दिसतं. नावं उलटी, गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने, आणि डावखुरा अमिताभ उजवा. तो खोटं बोलत नव्हता. त्या पडद्याला दुसरी बाजू आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. 'आपण सगळे टीव्हीसमोर बसायचो', हे वाक्य मीही त्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्यातला 'आपण सगळे' कोण? मग मला माझीही एक गोष्ट आठवली. तिची आणि त्याच्या गोष्टीची बरोबरी नाही. माझ्या पोटात अन्न होतं आणि मी घराच्या आत होते. तरी सांगते.

१९९२ च्या दिवाळीत मुंबईच्या मामाने दादासाठी व्हिडिओ गेम आणला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या यंत्राची ती नक्कल होती. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून. चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. फुंकरीने काही होत नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळे आतल्या पट्ट्या नीट टेकतात, हे आता कळतंय. पण तेव्हा फुंकर हा मंत्र होता. मारिओमधले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? अख्खा गेम जेमतेम ४० किलोबाईटचा. आज सकाळी कुणीतरी पाठवलेला सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असेल.

त्या यंत्राला दोन रिमोट होते. पहिल्यावर 'स्टार्ट'चं बटण होतं, दुसऱ्यावर नव्हतं. पहिला कायम दादाचा, दुसरा माझा. म्हणजे खेळ सुरू करायचा की नाही, हे माझ्या हातात कधीच नव्हतं. दादाचा मारिओ मेला तरच माझी पाळी. तो काही लवकर मरायचा नाही.

बदकं मारायच्या गेममध्ये मात्र मला एक शोध लागला. दादा बंदूक घ्यायचा, तेव्हा रिमोट मोकळा पडायचा. मी तो सहज हातात घेऊन बटण दाबलं, तर बदक वळलं! एका बदकाच्या खेळात रिमोटने बदक उडवता येतं, हे दादाला ठाऊक नव्हतं. ती सगळी सुट्टी त्याचा नेम चुकत राहिला. आजी म्हणाली, "याचे डोळे तपासा." ३२ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत दादाने माळ्यावरून ती बंदूक काढली आणि नव्या सपाट टीव्हीवर चालवून बघितली. चालली नाही. ती बंदूक गोळी मारतच नव्हती. ट्रिगर दाबला की जुन्या टीव्हीचा पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदूक तो उजेड बघायची. जुना टीव्ही गेला तशी तीही आंधळी झाली. दादा फार हळहळला. मी त्याला तेव्हाही खरं सांगितलं नाही. तो ही स्मरणिका वाचेल तेव्हा बघू.

आता शेवटचा हिशेब. 'महाभारत' २४ जून १९९० ला संपलं. साधारण ९० रविवार धरा, सरासरी १५ मुलं, प्रत्येकी २५ पैसे. ३३७ रुपये ५० पैसे होतात. हे पैसे कुठे गेले ते मला माहीत आहे. आठवीत मी ज्या जुन्या लेडीज सायकलवरून शाळेत यायचे, ती घेताना आजीने तो डबा अण्णांच्या हातात दिला होता. तेव्हा इथे बसलेल्यांपैकी आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचा त्या सायकलीत वाटा आहे. आणि ज्याचा नाही, तो मागे मिक्सरवर बसलाय.

हे त्याला फोनवर सांगितलं आणि म्हणाले, माझ्या त्या वाक्याबद्दल मला माफ कर. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चार आणे होते गं माझ्याकडे त्या दिवशी. पण संपले असते, तर पुढचा रविवार गेला असता. म्हटलं, बघू उधार चालतंय का."

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. चार आण्यांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं, त्यामुळे ते परत करायचीही सोय उरली नाही.

म्हणून एवढंच सुचवते. रात्री जेवणानंतर संयोजक पडद्यावर जुन्या जाहिराती दाखवणार आहेत. तेव्हा 'आपण सगळे' म्हणण्याआधी शेजारच्याला विचारा, तू कुठून बघत होतास? खिडकीतून, पडद्यामागून, भांडी घासता घासता, की बघतच नव्हतास? तीस वर्षांनी आपण भेटतोय. जे सगळ्यांना आठवतं ते यूट्यूबवर आहे. जे एकेकट्याला आठवतं ते फक्त इथे, या खुर्च्यांवर आहे.

पडद्यासमोरची पहिली खुर्ची मी रुमाल टाकून अडवली आहे. मिक्सर थोडा वेळ दादा सांभाळेल, त्याने निदान एवढं करायला हरकत नाही.

माझी घंटा कधीच वाजली असेल. बाई, आता तुमची परवानगी असेल तर तेवढं एकदा म्हणा. रेडिओ, माईक तुझ्याकडे.