कुलूप आपले, किल्ली दुसऱ्याची
(मंडळाच्या पांढुर्णा येथील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आतापर्यंत संत्र्याच्या भावावर आणि शाळेतल्या मराठीवर बोलणे झाले. मला विषय दिला आहे इंटरनेटवरच्या खासगीपणाचा. काही ज्येष्ठांना वाटेल, हा पोरासोरांचा विषय. पण हा आपल्या घराचा विषय आहे, आणि हक्काचा आहे म्हणून राजकारणाचाही आहे.

आपल्या जुन्या घरांत ओसरी असते आणि माजघर असते. ओसरीवर कोणीही येऊन बसावे. माजघरात कोणी यायचे ते घरचे ठरवतात. आता समजा, एका रात्रीत कोणी मधली भिंतच काढून टाकली तर?

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे असेच झाले. ती नागपूरला शिकत होती. सहलीचे फोटो तिने एका साईटवर फक्त मैत्रिणींसाठी ठेवले होते. साईटने सेटिंग बदलले. इंग्रजीत लांबलचक सूचना आली, तिने सगळ्यांसारखे ‘ठीक आहे’ दाबले. आठवड्याभरात तेच फोटो गावातल्या दुकानावर चर्चेला आले. गोष्ट शिक्षण बंद करण्यापर्यंत गेली. आईने हट्ट धरला म्हणून पोरगी शिकली. मोठ्या शहरात असे प्रकार गर्दीत विरून जातात. आपल्याकडे प्रत्येक जण कोणाचा तरी मामा नाहीतर भाचा असतो. म्हणून भिंत पडली की आपल्याला जास्त लागते.

अशा वेळी लोक काय करतात? सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणले. त्याआधी कोणाचे काय चालले आहे ते बघायला त्याच्या पानावर जावे लागे. आता प्रत्येकाची हालचाल सगळ्या मित्रांच्या समोर आपोआप येऊ लागली. विद्यार्थी चिडले. विरोधाच्या एका गटात काही दिवसांत सात लाखांच्या आसपास लोक जमले. कंपनीने माफी मागितली, काही नियंत्रणे दिली. न्यूज फीड मात्र राहिले. गंमत अशी की, विरोधाची बातमी एवढी भराभर पसरली ती त्या न्यूज फीडमुळेच!

आपल्याकडे तेव्हा ऑर्कुटची चलती होती. तिथली स्क्रॅपवही सुरुवातीला कोणालाही वाचता येई, म्हणून आपली मुले निरोप वाचून लगेच पुसून टाकत. तोही एक मुका निषेधच होता. पुढे ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले.

डिसेंबर २००९ मध्ये फेसबुकने पुन्हा सेटिंग बदलले. नाव, फोटो, शहर, मित्रांची यादी अशा गोष्टी सर्वांसाठी उघड्या झाल्या. पुष्कळ लोक ओरडले. ३१ मे २०१० हा फेसबुक सोडण्याचा दिवस ठरला, पण कोट्यवधींच्या मानाने सोडणारे मूठभरच निघाले. सोडणार तरी कसे? नातेवाईक तिथे, मित्र तिथे. परंतु काही संस्था अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे गेल्या. २०११ मध्ये कंपनीला आयोगाशी समझोता करावा लागला आणि २० वर्षे तपासणीची अट मान्य करावी लागली. त्या अटी मोडल्याबद्दल २०१९ मध्ये पाच अब्ज डॉलरचा दंड झाला.

यातून काय दिसते? नुसत्या आरडाओरड्याने माफी मिळते. रागावून सोडून गेले तर आपण एकटे पडतो. लेखी तक्रार आणि कायदा यांनीच कंपनी बांधली जाते.

आपल्या देशातही हेच घडले. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये धोरण बदलले, तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २४ ऑगस्ट २०१७ ला, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेत, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये ‘मान्य करा’ असा पुन्हा आग्रह धरला. त्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड केला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली, हेही सांगितले पाहिजे. कंपन्या सहजी ऐकत नाहीत.

आता आपल्या कामाची गोष्ट. २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच वर्षी संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात म्हटले आहे की संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी. मराठी त्या अनुसूचीत आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती हवी. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि संमतीच्या कलमांना १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे.

बंधू-भगिनींनो, ही मुदत आपण झोपेत घालवायची का? आपण मध्य प्रदेशात राहतो, म्हणून कंपनीने आपल्याला मराठी देऊ नये असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. हक्क राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. पण मागितल्याशिवाय तो मिळतही नाही. माझी सूचना एवढीच, की आपल्या मंडळाने आजच ठराव करून खासदारांकडे आणि केंद्राच्या मंत्रालयाकडे पाठवावा : संमतीची प्रत्येक सूचना मराठीत, साध्या भाषेत मिळालीच पाहिजे. आणि गावोगावच्या शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या घरच्यांना एकदा बसवून फोनमधली सेटिंग्ज दाखवावीत.

आणि शेवटचे, ज्येष्ठांसाठी. कोणाच्या मुलीचा फोटो आपल्या फोनवर आला तर तो पुढे पाठवू नका. सेटिंग कंपनीने बदलले असेल, पण चावडीवर फोटो नेणारे आपणच असतो.