खावटी आणि उचल

(वर्धापनोत्सवानिमित्त सुरत येथे झालेले व्याख्यान)



दानाचे माहात्म्य आपल्या परंपरेत नवे नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले असून सात्त्विक दानास देश, काल व पात्र या तीन कसोट्या लावल्या आहेत. यांपैकी पात्राचा विचार बहुतेक दाते करतात. किंबहुना नको तितका करतात. देशाचाही थोडाबहुत होतो. उपेक्षित राहतो तो काल. ज्याच्या कणगीत दाणा उरला नाही त्यास दोन हजार रुपये आषाढात मिळाले काय आणि पौषात मिळाले काय, रक्कम तीच, असे देणाऱ्यास वाटते. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या दोन महिन्यांच्या मध्ये त्याचे स्वातंत्र्य उभे असते. हे सत्य सुरतेच्या परिसरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर हे स्थानक आहे. त्याचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात येतो. दिवाळी आटोपली की या वाटेने व लगतच्या रस्त्यांनी नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस येतात. पती-पत्नींच्या जोडीस या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवांचे नाव एका हत्याराने घ्यावे, यातच पुष्कळ काही आले. ही जोडी उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाजवळ पालात राहते. मुले बरोबर असतात, आणि गावच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे तेवढी उरतात.

हा प्रवास दिवाळीनंतर सुरू होतो असे दिसते. वस्तुतः तो पावसाळ्यातच सुरू झालेला असतो. आषाढ-श्रावणात जुने धान्य संपलेले असते, नवे शेतात उभे असते, मजुरी जवळजवळ बंद असते. ताप, खोकला, हगवण यांचेही दिवस तेच. अशा वेळी मुकादम दारी येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या श्रमावर आगाऊ घेतलेली रक्कम. अनेक ठिकाणी तीवर व्याजही चढते. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा उचल फिटली तर भाग्य. न फिटली तर बाकी पुढील वर्षाच्या नावे पडते. जो दर आणि जी वाट एरवी नाकारली असती, ती रिकाम्या हंड्यासमोर स्वीकारली जाते.

या भूमीस हे नवे नाही. १९२८ च्या सत्याग्रहामुळे बारडोलीचे नाव देशभर झाले. पण त्याच भागात ‘हाळी’ प्रथा होती, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. विवाहासाठी म्हणून काढलेल्या कर्जापायी शेतमजूर धन्याच्या घरी आयुष्यभर बांधला जाई. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने निषिद्ध झाली. तथापि वेळेवर न मिळालेल्या थोड्या पैशापायी पुढचा काळ गहाण पडतो, हे मूळ कारण कायद्याच्या एका अक्षराने नाहीसे होत नाही.

महाराष्ट्रात या निकडीस एक जुना शब्द आहे : खावटी. पावसाळ्याच्या उपासमारीच्या दिवसांत आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज देण्याची शासकीय योजना १९७८ साली सुरू झाली आणि पुढे काही वर्षांपूर्वी बंद पडली. २०२० साली महामारीमुळे हातचे काम गेले, तेव्हा शासनाने तीच योजना एका वर्षापुरती कर्ज म्हणून नव्हे, तर अनुदान म्हणून पुनश्च आणली. प्रत्येक कुटुंबास ४००० रुपयांचे साहाय्य ठरले : २००० रुपये बँकेच्या खात्यात आणि २००० रुपयांच्या जिनसा. निर्णय सप्टेंबर २०२० मध्ये झाला. कित्येक घरी तो पोचेपर्यंत पुढचा पावसाळा उजाडला. देश बरोबर होता, पात्र बरोबर होते, काल चुकला.

काल साधला तर काय होते? एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. नवरा-बायको, दोन मुले, म्हातारी आई, वनजमिनीचा लहानसा तुकडा. ज्येष्ठाच्या अखेरीस गृहिणीच्या खात्यात थोडी रक्कम येते. पहिले काही दिवस ज्वारी-तांदूळ, तेल-मीठ येते. तापलेल्या मुलास चौथ्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी दवाखाना दिसतो. बियाणे उधारीवर न घेता रोखीने, म्हणून स्वस्त मिळते. एखादी शेळी विकावी लागत नाही. श्रावणात मुकादम येतो, तेव्हा त्यास प्रथमच ‘विचार करून सांगतो’ असे उत्तर मिळते. कदाचित ते कुटुंब तरीही ऊसतोडीस जाईल. पण कमी उचल घेऊन जाईल, दर विचारून जाईल, आणि मुलीस आजीपाशी शाळेसाठी ठेवून जाईल. थोड्या रुपयांनी दारिद्र्य गेले नाही. परंतु नकार देण्याची शक्ती आली. गरिबाच्या घरी ही फार मोठी संपत्ती होय.

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो. रोख पैसा दिला तर तो दारूत जाईल. म्हणून धान्य द्यावे, वस्त्र द्यावे, पैसा देऊ नये. आक्षेप करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्याची परीक्षा झालेली आहे. अहमदाबादेत १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी स्थापिलेल्या ‘सेवा’ संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातील काही गावी, त्यांत एका भिल्ल गावीही, प्रत्येक माणसास दरमहा विनाअट रोख रक्कम दिली. आरंभी प्रौढास २०० व मुलास १०० रुपये. नंतर ते ३०० व १५० झाले. मुलांचा वाटा आईच्या हाती दिला जाई. शेजारच्या तशाच गावांशी तुलना केली असता आढळले की, मद्यावरील खर्च वाढल्याचा पुरावा नाही. वाढले ते अन्न, विशेषतः मुलींचे पोषण. वाढली ती शाळेतील उपस्थिती. आणि लोक आळशी न होता परक्याच्या मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे व गुराढोरांकडे वळले.

तरीही रोख पैसा हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. जेथे बँक दूर आहे, तेथे खात्यातील रक्कम काढण्यास एका दिवसाची मजुरी जाते. जेथे दवाखान्यात वैद्यच नाही, तेथे पैसा काय विकत घेणार? आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाले. पण क्रमांक मिळणे आणि रक्कम हाती पडणे यांत अंगठा न जुळण्यापासून खाते बंद पडण्यापर्यंत अनेक खाचखळगे आहेत. २०१९ पासून शेतकऱ्यास वर्षाला ६००० रुपये देणारी केंद्राची योजना ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यासाठी आहे. भूमिहीनास तिचा उपयोग नाही. २०२४ साली महाराष्ट्राने ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांस दरमहा १५०० रुपये ठरविले, त्यात रक्कम स्त्रीच्या नावे जाते ही गोष्ट मोलाची; पण हप्ता केव्हा येईल याची निश्चिती हीदेखील रकमेइतकीच मोलाची असते. येईल की नाही हे ठाऊक नसलेल्या पैशाच्या भरवशावर कोणी मुकादमास परत पाठवीत नाही.

सुरतेत व्यापार-उदीम करणाऱ्या, गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक भक्तांची मुळे खानदेशातील गावांत आहेत. उत्सवाच्या दिवशी अन्नदान होते, थंडीत कांबळी वाटली जातात; ते चालू राहावे. पण दानाच्या पंचांगात ज्येष्ठ महिन्यास स्थान नसेल तर ते पंचांग अपुरे आहे. गावाकडील एखाद्या ओळखीच्या घरी पावसाच्या आधी, गृहिणीच्या हाती, हिशेब न मागता पोचलेली लहान रक्कम त्या घराची पुढील दिवाळी बदलू शकते. घेणाऱ्यास आपली गरज दात्यापेक्षा अधिक कळते, एवढा विश्वास दात्याच्या मनात हवा. देताना हात वर असतो खरा; पण मान खाली असावी.