दांपत्य-समुपदेशन : रुग्णसेवेचेच एक अंग

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु बिलाच्या खिडकीमागे वर्षानुवर्षे बसल्यावर काही गोष्टी आपोआप नजरेस येतात. काही रुग्ण पुन्हा पुन्हा येतात, सर्व तपासण्या निर्दोष निघतात आणि दुखणे मात्र कायम राहते.

असे एक जोडपे आमच्या स्मरणात आहे. त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगत आहोत. पती बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर, पत्नी शिक्षिका. तिची डोकेदुखी आणि निद्रानाश यांपायी तपासण्यांची जाड फाईल झाली होती. खिडकीपाशी दोघे एकमेकांशी बोलत नसत; जे सांगायचे ते मुलीमार्फत. अखेर आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दोघांना समुपदेशकाकडे पाठविले. पती संतापून म्हणाले, "आम्ही काय वेडे आहोत?"

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. समुपदेशन म्हणजे वेडेपणावरील उपचार नव्हे आणि पंचायतही नव्हे. समुपदेशक न्यायाधीश नसतो आणि कोणाचा वकीलही नसतो. साधारणतः प्रथम दोघांची एकत्र भेट होते, मग प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे होते आणि त्यानंतर दोघांना समोरासमोर बसविले जाते. एकाने बोलावयाचे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकावयाचे आणि काय ऐकले ते स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे. "तुम्ही कधीच वेळेवर येत नाही" याऐवजी "अहो, उशीर झाला की मला काळजी वाटते" असे म्हणता येऊ लागले, की संवादाची वाट उघडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना असे आढळले, की टिकाऊ विवाहांत वादाच्या वेळीसुद्धा एका कटू वर्तनामागे सुमारे ५ स्नेहाची वर्तने असतात. जमाखर्च लिहिणाऱ्यास हे प्रमाण सहज पटते.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. घरात कोणापाशी काढता येत नसत असे प्रश्न वाचक त्यांना विचारीत आणि ते उत्तरे देत. पुढे १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. आपल्या नागपूरसह राज्यातील कुटुंब न्यायालयांत त्यासाठी विवाह समुपदेशक असतात. परंतु न्यायालयाची पायरी चढेपर्यंत मने बहुधा विटलेली असतात. रुग्णालयाची पायरी मनुष्य त्याच्या कितीतरी आधी चढतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. जेथे मारहाण वा धाक आहे, तेथे पत्नीस "जुळवून घे" असे सांगणे हे समुपदेशन नव्हे. तेथे प्रथम तिची सुरक्षितता, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये संरक्षण अधिकाऱ्याची मदत. तसेच प्रत्येक संसार सावरतोच असेही नाही. काही जोडपी विचारपूर्वक, कटुता न वाढविता वेगळी होतात.

ते संतापलेले पती मात्र पंधरा दिवसांनी परत आले. चौथ्या भेटीत त्यांनी सांगितले, की वडिलांच्या आजारपणातील कर्ज ते पत्नीस न कळविता फेडीत होते. पैसे जातात कुठे, या शंकेने तिची झोप उडाली होती. आणि ती संशय घेते, या रागाने त्यांचे बोलणे तुटले होते. आज डोकेदुखी संपूर्ण गेलेली नाही, पण कमी आहे. रविवारी दोघे मिळून घरखर्चाची वही लिहितात.

विश्वस्त महोदय, या सेवेचा जमाखर्च मांडला तर तोटाच दिसतो, हे आम्ही हिशेबाचे माणूस म्हणून लपविणार नाही. सध्या हे काम फिजिओथेरपी विभागात, पडद्याआड चालते. पलीकडे रुग्ण आणि नातेवाईक बसलेले असतात. ते कर्जाचे गुपितही अर्धवट कुजबुजीतच सांगितले गेले. आमची मागणी एवढीच, की येत्या अंदाजपत्रकात दार लावता येईल अशी एक खोली मंजूर व्हावी. दाते सज्जनांनीही हातभार लावावा, ही नम्र विनंती.