डोंगरात हरवलेले विमान शोधताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२९ मे २०२२चा रविवार तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशी सकाळी नेपाळमधल्या पोखरा विमानतळावरून एक छोटे विमान जोमसोमला निघाले. ट्विन ऑटर जातीचे, दोन इंजिनांचे. प्रवास जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. विमानात बावीस माणसे होती आणि त्यांतले चौघे आपल्या ठाण्याचे होते. थोड्याच वेळात विमानाचा संपर्क तुटला. हेलिकॉप्टर निघाली, पण ढग आणि पाऊस यांनी वाट अडवली. संध्याकाळी शोध थांबवावा लागला. विमान नेमके कोणत्या दरीत असावे याचा अंदाज बांधायला उपयोगी पडला तो वैमानिकाचा मोबाइल फोन. दूरसंचार कंपनीने त्याचा ठावठिकाणा काढून दिला. दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यात, सुमारे साडेचौदा हजार फुटांवर अवशेष सापडले. कोणीही वाचले नव्हते.

ती रात्र ठाण्यातल्या त्या घरांनी कशी काढली असेल? माणूस गेला असे म्हणवत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही. आज मी बोलणार आहे ते या मधल्या वेळाबद्दल. ‘शोध आणि सुटका’ असे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. सुटका करणाऱ्यांचे शौर्य आपल्याला दिसते, त्यांची छायाचित्रे छापून येतात. पण डोंगरात विमान पडते तेव्हा बहुतेक वेळ खर्च होतो तो पहिल्या शब्दावर. माणसे कुठे आहेत हेच कळत नाही.

आपल्याला वाटते, एवढे मोठे विमान, ते दिसणार नाही असे कसे होईल? पण चार आसनांचे विमान मोटारीपेक्षा फार मोठे नसते, आणि कड्यावर आदळल्यावर ते विमान राहतही नाही. वरून पाहणाऱ्याला दिसतात पत्र्याचे चार तुकडे, कधी शेपटीचा भाग, कधी झाडांचे तुटलेले शेंडे, कधी जळल्याचा काळा डाग. पांढरा रंग बर्फात मिसळून जातो. दरीवर सावली आली की तेही दिसेनासे होते. शोध घेणारे वैमानिक साधारणपणे शिखराकडून सुरुवात करतात आणि डोंगराला वळसे घेत टप्प्याटप्प्याने खाली येतात. शेजारी बसलेला निरीक्षक खिडकीतून डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. उंचीवर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी झालेली, आणि डोंगरापलीकडून खाली येणारा वारा केव्हा विमान दाबील याचा नेम नाही. शोधायला गेलेली विमानेही पडलेली आहेत.

याच संदर्भात अमेरिकेतली एक जुनी हकिगत सांगतो. मार्च १९६७मध्ये एक कुटुंब ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून सॅन फ्रान्सिस्कोकडे स्वतःच्या लहान विमानाने निघाले. वडील विमान चालवत होते, बरोबर आई आणि सोळा वर्षांची मुलगी. हवा बिघडली आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी पर्वतात विमान कोसळले. तिघेही जखमी झाले, पण जिवंत राहिले. काही दिवसांनी वडील मदत आणायला म्हणून बर्फातून निघाले, ते परत आले नाहीत. मायलेकी विमानातच थांबल्या. शोध झाला, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. पुढे तो थांबला, तेव्हाही त्या दोघी वाट पाहतच होत्या. हे आपल्याला कळले ते त्या मुलीच्या रोजनिशीमुळे. जवळजवळ दोन महिने ती लिहीत होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एका शिकाऱ्याला ते विमान दिसले, तेव्हा ती रोजनिशी तिथेच होती.

या घटनेने अमेरिका हळहळली. पडलेल्या विमानाने स्वतःच ओरडून सांगावे, मी इथे आहे, असे यंत्र हवे, ही मागणी जोर धरू लागली. असे यंत्र बनवणे तेव्हा अशक्य नव्हते, सक्ती मात्र नव्हती. डिसेंबर १९७०मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. तो कायदा मुख्यतः कारखान्यांतल्या कामगारांच्या सुरक्षिततेचा होता, पण त्याच्यातच एक कलम होते : लहान विमानांवर आपत्कालीन संदेशयंत्र बसवलेच पाहिजे. विमान आदळले की हे यंत्र धक्क्याने आपोआप चालू होते आणि रेडिओवर हाक देत राहते. जुन्या विमानांना तीन वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपायच्या आत, ऑक्टोबर १९७२मध्ये, अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, अलास्कात एका लहान विमानासह बेपत्ता झाले. एकोणचाळीस दिवस शोध चालला. त्या विमानाचा थांगपत्ता आजतागायत लागलेला नाही.

पण हाक दिली म्हणजे ऐकायला कोणीतरी हवे. डोंगराच्या कुशीतली रेडिओची हाक पलीकडच्या खोऱ्यात पोहोचत नाही. ती वरूनच ऐकावी लागते. म्हणून अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या देशांनी, शीतयुद्ध चालू असताना, एकत्र येऊन उपग्रहांची व्यवस्था उभी केली. तिचे नाव कोस्पास-सारसाट. पहिला उपग्रह जून १९८२मध्ये सोव्हिएत संघाने सोडला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पडलेल्या एका लहान विमानातली तीन माणसे त्याच्यामुळे वाचली. आज भारतही या व्यवस्थेत आहे. बेंगळुरू आणि लखनौ इथली केंद्रे या हाका ऐकत असतात.

जुन्या यंत्रांची मोठी अडचण होती ती खोट्या हाकांची. विमान जरा जोरात उतरले तरी यंत्र बोंब मारायचे, आणि कोणाचे विमान ते कळायचे नाही. आताची यंत्रे ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश देतात आणि त्यात त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे आधी मालकाच्या घरी फोन करून विमान कुठे आहे हे विचारता येते. जुन्या लहरींवरच्या हाका ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९पासून बंद केले.

मग आता विमान हरवणारच नाही का? स्टीव्ह फॉसेट यांचे उदाहरण पाहा. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. ३ सप्टेंबर २००७ रोजी सकाळी नेवाडातल्या एका खासगी धावपट्टीवरून ते दोन आसनी विमान घेऊन निघाले. थोडे फिरून येतो, एवढेच. उड्डाणाचा आराखडा त्यांनी कुठेही दिला नव्हता, नियमाने तो द्यायची गरजही नव्हती. ते परतले नाहीत. मग सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरचा मुलूख धुंडाळला गेला. हजारो लोक घरी संगणकावर उपग्रहांची छायाचित्रे तपासत बसले. या शोधात पूर्वी पडलेल्या, कोणाला ठाऊकही नसलेल्या विमानांचे अवशेष सापडले, पण फॉसेट यांचे विमान नाही. वर्षाने, सप्टेंबर २००८च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळ डोंगरात फिरणाऱ्या एका माणसाला त्यांची ओळखपत्रे मिळाली. दोन दिवसांत अवशेष दिसले, सुमारे दहा हजार फुटांवर, निघाल्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरवर. चौकशीत निष्कर्ष निघाला की डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्याचा जोर विमानाच्या वर चढण्याच्या ताकदीपेक्षा जास्त होता. संदेशयंत्र विमानात होते, पण धडकेत ते निकामी झाले.

फॉसेट त्या धडकेतून वाचण्यासारखे नव्हते, हे खरे. वाट कळली असती तरी त्यांचा जीव वाचला नसता. पण शोधणाऱ्यांनी महिनाभर जे जीव धोक्यात घातले ते वाचले असते, आणि घरच्यांचे एक वर्ष वाट पाहण्यात गेले नसते. कारण शोधाची सुरुवात होते ती एकाच प्रश्नापासून : तो कुठे जातो म्हणाला होता? उत्तर मिळाले तर एक खोरे तपासायचे, नाही मिळाले तर अख्खा प्रांत.

तुम्ही-आम्ही काही विमान चालवत नाही. पण पावसाळा लागला की आपल्या सह्याद्रीत मुलांचे घोळके निघतात. कधी कोणी धुक्यात वाट चुकते आणि गावकरी, गिर्यारोहक रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात. त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो. आणि घरचे सांगतात, “मित्रांबरोबर जातो म्हणाला, कुठे ते माहीत नाही.”

म्हणून एवढेच करा. निघताना एका कागदावर लिहून ठेवा : कोणता गड, कोणती वाट, बरोबर कोण, परत केव्हा. वाट बदलली तर मोबाइलची रेंज असेपर्यंत घरी कळवा. आणि त्या वेळेला परतला नाहीत तर कोणाला फोन करायचा, तेही लिहा. परत आल्यावर कागद फाडून टाका. बहुतेक वेळा तो फाडायचाच असतो.