वार पडेपर्यंत नजर ठेवा



मूल झाले की घरात आनंद होतो. सगळे बाळाकडे धावतात. पण वार पडल्याशिवाय बाळंतपण पुरे होत नाही. आज आपण तेवढेच बोलू.

वार गर्भाच्या पिशवीला आतून चिकटलेली असते. तिच्यातूनच बाळाचे पोषण होते. मूल बाहेर आले की पिशवी आकसते, वार सुटते आणि पडते. अर्ध्या तासात पडली नाही, तर वार अडकली असे समजावे.

वार अडकली की पिशवी नीट आकसत नाही. रक्त वाहत राहते. अर्धा लिटर रक्त गेले की धोका आलाच. अंगात रक्त कमी असलेली बाई त्याआधीच खचते. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, घेरी आली, तर वेळ थोडा आहे हे ओळखावे.

अशा वेळी कोणी नाळ ओढतात. कोणी पोट दाबतात. कोणी बाळंतिणीच्या तोंडात केस घालून उमासे काढायला लावतात. हे सारं आपण सोडून देऊ. नाळ ओढली तर तुटते. कधी पिशवीच उलटून बाहेर येते. हात आत घालणे तर डॉक्टरांचेच काम.

मग घरच्यांनी काय करावे? लगेच 108 ला फोन करावा. रक्त फार जात असेल तर अर्धा तासही थांबू नये. बाईला लघवी करू द्यावी. ती शुद्धीवर असेल तर बाळ अंगावर पाजावे. त्याने पिशवी आकसते. वार पडली तरी ती पुरू नये, दवाखान्यात दाखवावी. तुकडा आत राहिला तर पुन्हा रक्त जाते, ताप येतो.

सातपुड्यातल्या पाड्यावरून बाईला झोळीत घालून सडकेपर्यंत आणायचे, यातच घटका जातात. म्हणून आम्ही सांगतो, दिवस भरत आले की आशाताईला विचारून आधीच निघा. म्हसावदला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे मूल होताच सुई देतात. तिने पिशवी आकसते. तरी वार अडकली तर डॉक्टर भूल देऊन ती हाताने काढतात. लागले तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात, रक्त देतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त आणि गाडी यांना 2011 च्या योजनेपासून पैसे पडत नाहीत.

बाळाला जरूर पाहा. पण एकाने तरी घड्याळाकडे आणि आईकडे पाहत राहावे.