औषधाची किंमत कोठे ठरते?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

शहरातील निरनिराळ्या औषध-दुकानांतील किमतींची तुलना करून तिचा तक्ता आपल्या शाखेने प्रसिद्ध करावा, अशी सूचना तुमच्यापैकी काही तरुण कार्यकर्त्यांनी केली आणि त्या निमित्ताने मला येथे बोलावले. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याला किमतींच्या तक्त्याचा मोह होणारच. म्हणून येथे येण्यापूर्वी रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरील माझ्या नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी पाच दुकाने फिरून आलो.

पहिल्या दोन दुकानांत छापील किंमत पडली. तिसऱ्यात, ओळखीमुळे, दहा टक्के सूट मिळाली. चौथे दुकान मोठ्या साखळीतले. तेथे वीस टक्के सूट होती, परंतु ठरावीक रकमेच्या वर खरेदी केल्यास. पाचवे होते जनऔषधी केंद्र. तेथे तीच द्रव्ये, तितक्याच मात्रेची, दुसऱ्या वेष्टनात मिळाली आणि महिन्याचे बिल पहिल्या दुकानाच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाले.

या फेरीत दुसऱ्या दुकानात एक प्रसंग घडला. माझ्यापुढे साठीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे केली आणि म्हणाले, "यातल्या चार द्या." दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, ही रोज घ्यायची गोळी आहे. चार किती दिवस पुरणार?" गृहस्थ म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. आठ दिवस जातात." दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या दिल्या.

मित्रहो, आपल्या तक्त्यात या माणसाला स्थान कोठे आहे? चौथ्या दुकानातील वीस टक्क्यांची सूट त्याच्यासाठी नाही. चार गोळ्या घेणाऱ्याची खरेदी त्या रकमेपर्यंत पोहोचतच नाही. ती सूट माझ्यासारख्या, महिन्याचे औषध एकदम घेऊ शकणाऱ्या निवृत्तिवेतनधारकासाठी आहे. ज्याची ऐपत अधिक, त्याला औषध स्वस्त आणि ज्याची कमी, त्याला महाग, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आता तुलनेकडे वळू. एकच पट्टी निरनिराळ्या दुकानांत घेतली तर फरक पाच-दहा, फार तर वीस टक्क्यांचा पडतो. एकच द्रव्य निरनिराळ्या व्यापारी नावांनी घेतले तर फरक दुपटी-तिपटीत जातो. म्हणजे किमतीतील खरी तफावत दुकानादुकानांत थोडी आणि नावानावांत फार आहे. आणि नाव निवडण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला नाही. भाजी महाग वाटली तर आपण दुसरी घेतो. औषधाच्या बाबतीत निवडतो डॉक्टर, पैसे देतो रोगी, आणि डॉक्टरांच्या दाराशी बॅग घेऊन उभा असतो कंपनीचा प्रतिनिधी. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याचे ज्ञान आणि घेणाऱ्याचे अज्ञान यांतील अंतरामुळे बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत.

दुकानदाराने स्वतःहून स्वस्त पट्टी द्यावी, असे कोणी म्हणेल. कायदा त्याला तसे करू देत नाही. १९४५ च्या औषधविषयक नियमांतील ६५व्या नियमानुसार, अनुसूची 'एच'मधील औषध चिठ्ठीत असेल तर त्याच्या जागी, द्रव्य तेच असले तरीही, दुसरे औषध देता येत नाही. आणि जेथे नावाविना विकले जाणारे जेनेरिक औषध त्याच्याकडे असते, तेथेही पट्टीवरची छापील किंमत पुष्कळदा खरेदीच्या कितीतरी पट असते. ही तफावत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेलच, अशी हमी नाही.

दुकानदारांच्या संघटनांचे दोष मी झाकत नाही. संघटनेचे ना-हरकत पत्र असल्यावाचून नवा घाऊक वितरक नेमू द्यावयाचा नाही, ही त्यांची प्रथा होती. व्यापारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने २०१२ साली गोव्यातील आणि २०१३ साली अखिल भारतीय संघटनेविरुद्ध निर्णय दिले. तरीही गल्लीतला किरकोळ दुकानदार हा या साखळीतला शेवटचा आणि लहान दुवा आहे. नियंत्रित औषधांवर त्याला १६ टक्के आणि घाऊक विक्रेत्याला ८ टक्के मिळतात. आपला तक्ता त्याच्यावर बोट ठेवून थांबला, तर ज्यांनी किंमत ठरविली ते नामानिराळे राहतील.

किंमत ठरते ती वर. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनाऐवजी केवळ त्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्यामुळेच भारतीय कारखाने स्वस्त औषधे बनवू लागले. २००५ पासून उत्पादनाचे पेटंट पुन्हा आले. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने परदेशी औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशा शिफारशी केल्या. त्या कपाटात गेल्या. १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधे किंमत-नियंत्रणाखाली होती. १९८७ साली ती १४२ झाली आणि १९९५ च्या आदेशानंतर ७४ उरली. ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि इतर संघटनांनी २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या रेट्यामुळे २०१३ च्या आदेशात अत्यावश्यक औषधांची यादी नियंत्रणाखाली आली. लोकांच्या संघटना काय करू शकतात, याचा हा पुरावा होय.

परंतु त्याच आदेशाने एक फट ठेवली. पूर्वी उत्पादनखर्चावरून किंमत ठरत असे. आता बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या नावांच्या किमतींची सरासरी घ्यावयाची आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवावयाचे. म्हणजे जे महाग विकत आले, त्यांच्याच किमतीवरून मर्यादा ठरते. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकाबरोबर ती वाढते. एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १२ टक्क्यांहून अधिक होती. यादीबाहेरील औषधांची किंमत तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा आहे.

स्वस्त औषध कसदार असेल काय, ही शंका रास्त आहे आणि ती उडवून लावू नये. पण व्यापारी नाव म्हणजे कसाची हमी नव्हे. पट्टीची मागची बाजू वाचा. विकणाऱ्याचे नाव एक आणि बनविणाऱ्याचे दुसरेच, असे कितीतरी वेळा आढळेल. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ज्या खोकल्याच्या औषधाने बालके दगावली, त्यालाही व्यापारी नाव होते. कसाची हमी पुरेसे निरीक्षक आणि प्रयोगशाळा देतात. ते नेमणे हे सरकारचे काम आहे.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. तामिळनाडूने १९९४ साली महामंडळ स्थापून साऱ्या सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र केली. जेनेरिक नावाने खुल्या निविदा मागवावयाच्या आणि तपासणीनंतरच माल वाटावयाचा, ही तिची रीत. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे देण्यास आरंभ केला. जनऔषधी केंद्रे चांगलीच आहेत. पण तेथेही खिशातून पैसे द्यावे लागतात, आणि तीच पट्टी केंद्रात शिल्लक नसेल तर माणूस परत पहिल्या दुकानात जातो.

तेव्हा तक्ता जरूर करा. मात्र त्याचे रकाने वाढवा. द्रव्याचे नाव, मात्रा, व्यापारी नाव, छापील किंमत, घेतलेली किंमत, जनऔषधी केंद्रातील किंमत, आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा रकाना: हे औषध जवळच्या सरकारी दवाखान्यात आज मोफत मिळाले काय? दर महिन्याला एकाच दिवशी, त्याच दहा औषधांची नोंद करा. सरकारी डॉक्टर बाहेरची चिठ्ठी देत असतील तर तीही टिपून ठेवा. मात्र तक्ता पाहून कोणी आपले औषध परस्पर बदलू नये. बदल डॉक्टरांना विचारूनच व्हावा, हे ठळक छापा. असे सहा महिन्यांचे तक्ते हाती असले की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दालनात तुम्ही रिकाम्या हातांनी जाणार नाही.

त्या गृहस्थांना पाच दुकाने फिरावयास सांगणे, हे आपले उत्तर असू शकत नाही. त्यांच्या घराजवळच्या दवाखान्यात तीस गोळ्यांच्या पट्ट्या मोफत मिळाल्या पाहिजेत. त्यांची आठ दिवसांची चार गोळ्यांची पट्टी महिन्याची तीस गोळ्यांची झाली, तर आपला तक्ता कामी आला असे मी म्हणेन.